मेहबूबचाचांची तिसरी डबी

फराळाचं ताट पुढ्यात घेऊन हा अंक चाळत असाल, तर आधी ताट संपवा. चकली मोडा, चिवडा खा, हात धुवा आणि मग या पानावर या. संपादकांना मी आधीच बजावलं होतं, "अहो, दिवाळीत छापणार तुम्ही आणि मी लिहिणार माणसांच्या संडासाबद्दल. चालेल का?" ते फोनवर म्हणाले, "बाई, तुम्ही लिहा तर खरं." तेव्हा पुढं काही झालं तर ते त्यांच्या माथी.

मी मंगल. माहेर निलंग्याकडचं, सासर लातूरचं. लातूरच्या एका खाजगी दवाखान्यात सिस्टर म्हणून उभी हयात गेली, त्यातली शेवटची वर्षं लठ्ठपणाच्या ऑपरेशनांच्या विभागात. कागदोपत्री मी निवृत्त झालेय. तरी आठवड्यातले तीन दिवस जाते, कारण सातही दिवस घरी बसले तर सून माहेरी निघून जाईल.

लठ्ठपणाचं ऑपरेशन म्हणजे पोट फाडून चरबी काढतात, असं निलंग्यापासून कंधारपर्यंत सगळ्यांना वाटतं. माझ्या सख्ख्या भावालाही वाटायचं. "आज किती किलो काढली?" असं तो फोनवर विचारायचा. खरं तसं काही नसतं. जठराचा वरचा एवढासा भाग, लिंबाएवढा म्हणा, वेगळा करतात आणि खालचं आतडं वर आणून त्याला जोडतात. गावात न शिरता बायपासनं जाणारी एसटी असते ना, तसं अन्न मधला रस्ता सोडून पुढं जातं. ऑपरेशनचं नावही बायपासच आहे. माणूस चार घासात भरतो आणि वजन उतरायला लागतं.

पण एक गंमत आम्ही रोज बघायचो. काहींची साखर वजन उतरायच्या आधीच ताळ्यावर यायची. पोटाची अजून घडीही मोडलेली नाही आणि इन्सुलिनची सुई बंद! हे कशानं होतं, ते मोठ्या डॉक्टरांनाही अजून पुरतं उमगलेलं नाही. त्याचा एक धागा आपल्या आतड्यातल्या जिवाणूंपाशी जातो म्हणतात.

जिवाणू म्हटलं की पेशंट दचकायचे. "म्हंजे जंत का, सिस्टर?" मग मी त्यांना विरजणाचं सांगायची. दूध एकाच डेअरीचं, पण तुमच्या घरचं दही वेगळं लागतं आणि शेजारणीचं वेगळं, कारण विरजण वेगळं. तसं प्रत्येकाच्या पोटात आपापलं विरजण असतं. लठ्ठ माणसाच्या आतड्यातली ही वस्ती आणि बारीक माणसाची सारखी नसते आणि ऑपरेशननंतर ती बदलते, एवढं दिसलंय. आता वस्ती बदलली म्हणून माणूस उतरतो, की माणूस उतरला म्हणून वस्ती बदलते, यावर शास्त्रज्ञांची भांडणं चालू आहेत. मी त्या भांडणात नव्हते. मी डब्या गोळा करत होते.

झालं असं, की आमच्या सरांनी, म्हणजे ऑपरेशन करणाऱ्या डॉक्टरांनी, एका संशोधनात भाग घेतला. त्यासाठी तयार झालेल्या पेशंटांच्या शीचे तीन नमुने घ्यायचे. पहिला ऑपरेशनच्या आधी, दुसरा तीन महिन्यांनी, तिसरा वर्षानं. ते बर्फाच्या डब्यातून नांदेडला न्यायचे, कारण तसले नमुने ठेवायचा उणे ऐंशी अंशांचा फ्रीज तिथल्या प्रयोगशाळेत होता. "हे काम कोण करील?" असं सरांनी विचारलं, तेव्हा सगळ्या पोरी खाली बघायला लागल्या. मी वर बघत होते, म्हणून माझ्या गळ्यात पडलं.

तुम्हाला वाटेल, काय हे काम! मलाही पहिले आठ दिवस तसंच वाटलं. नंतर ते आवडायला लागलं, खोटं कशाला बोलू. माणूस डॉक्टरला सांगत नाही, बायकोला सांगत नाही, ते त्या डबीमुळं मला सांगायचा. जाड माणसाला जन्मभर सगळे नुसता सल्ला देतात. कमी खा, चालत जा, पहाटे उठा. त्याला विचारत कुणी काही नाही. मी विचारायची, तेही असलं काहीतरी, की लाजायला काही उरायचंच नाही.

कंधारचे एक निवृत्त गुरुजी होते. त्यांना सांगितलं होतं, डबीच्या झाकणाला चमचा आहे, तेवढाच नमुना घ्या आणि मी येईपर्यंत फ्रीजमध्ये ठेवा. घरच्या बायकांनी फ्रीजला हात लावू दिला नाही. मग गुरुजींनी काय करावं? डबी नीट कागदात गुंडाळली आणि शेजाऱ्यांच्या फ्रीजमध्ये दुधाच्या पिशवीशेजारी नेऊन ठेवली, "औषध आहे, थंड लागतं" म्हणून. मी न्यायला गेले तर शेजारीण मला दारातच गाठून म्हणते, "सिस्टर, गुरुजी या औषधानं लई उतरले बघा. मलाबी एक डबी लिहून द्या ना!" मी बरं म्हणाले आणि पदरात तोंड लपवून जी निघाले ती थेट स्टँडवर.

एसटीतही तसंच. लातूरहून अहमदपूर, लोहा करत नांदेडला जायचं, मांडीवर निळा बर्फाचा डबा. कंडक्टर विचारायचा, "मावशी, मासळी का?" मी म्हणायची, "औषध आहे, हलवू नका." मग मला पुढची सीट मिळायची.

आता माझा स्वभाव सांगायला पाहिजे, कारण पुढचं सगळं त्यावरच अडतं. मी रागावते. वजन वाढलं, पाणी कमी पिलं, गोळी चुकली की मी पेशंटला असं झाडते की बाहेर बाकावर बसलेले चारजण आपोआप सरळ बसतात. सर म्हणायचे, "आमचं अर्धं काम सिस्टरचा आवाज करतो." याचा मला केवढा अभिमान होता!

मेहबूबचाचांची आणि माझी ओळख रागावण्यातूनच झाली. चाचा उदगीरचे बावर्ची. वयानं माझ्याहून चारच वर्षांनी मोठे, पण अख्खं उदगीर त्यांना चाचा म्हणायचं, म्हणून मीही. लग्नाचा बगारा खाना, म्हणजे फोडणीचा मसालेभात, आणि त्याच्यासोबतचा डाळ-मटणाचा दालचा करावा तर त्यांनीच, अशी त्या भागात ख्याती. वजन एकशे अठ्ठेचाळीस किलो, साखर चढलेली, गुडघे गेलेले. दोन-तीन वर्षांपासून देगीजवळ, म्हणजे त्या मोठ्या हंड्याजवळ, खुर्ची टाकून बसायचे आणि हाताखालच्या लोकांकडून करून घ्यायचे. ऑर्डरी तुटायला लागल्या होत्या.

"तुम्हाला ऑपरेशन कशासाठी पाहिजे?" हे आम्ही प्रत्येकाला विचारतो. कुणी म्हणतं तब्येत, कुणी म्हणतं लग्न जमत नाही. चाचा म्हणाले, "मला देगीपाशी उभं राहायचंय, सिस्टर. देगीत काय चाललंय ते आवाजानं कळतं. खुर्चीवर तो आवाज येत न्हाई. बसून करतो तर लोक जेवतात, पन दुसऱ्यांदा मागत न्हाईत."

बस्स, एवढंच पाहिजे होतं त्यांना.

ऑपरेशनच्या आधी दोन आठवडे फक्त पातळ घ्यायचं असतं. त्यानं लिव्हर जरा आकसतं आणि डॉक्टरांना आत हात घालायला जागा होते. चाचांनी अकरा दिवस इमानदारीनं काढले. बाराव्या दिवशी, ऑपरेशन सुखरूप व्हावं म्हणून दुवा मागायला ऐंशी माणसांना दावत दिली. स्वतः रांधून! आणि रांधलं तर चाखलं, चाखलं तर जेवले. दाखल व्हायला आले तेव्हा वजन वाढलेलं आणि सोनोग्राफीत लिव्हर हे एवढं. ऑपरेशन पुढं ढकललं.

मी त्यांना जे झाडलं, ते वॉर्डात पुढं कित्येक महिने सांगितलं जायचं. "अहो, जीव वाचवायला आलात का जेवायला?" चाचा मान खाली घालून ऐकत होते. शेवटी हळूच म्हणाले, "चाळीस साल लोकाला खाऊ घातलं, सिस्टर. न जेवू घालता कसं जाऊ? वापस आलो न्हाई तर?" मला खरं तर गहिवरून आलं होतं, पण मी ते दाखवलं नाही. दाखवायला पाहिजे होतं, असं आता वाटतं. त्या दिवसापासून ते मला घाबरायला लागले.

ऑपरेशन झालं, छान झालं. पहिली डबी आधीच गेली होती, दुसरी मी तीन महिन्यांनी उदगीरला जाऊन आणली. तेवढ्यात चाचा बरेच उतरले होते. मानेचा आकार दिसायला लागला होता. पण चेहरा पडलेला. म्हटलं, काय झालं? तर एका लग्नात जर्द्याचे, म्हणजे गोड भाताचे, दोन चमचे चाखले आणि पाच मिनिटांत दरदरून घाम, धडधड, चक्कर. नवरीकडच्यांनी त्यांना तिथंच मंडपात आडवं केलं. या ऑपरेशननंतर गोड असं एकदम आतड्यात उतरलं की होतं तसं. मी समजावून सांगितलं.

"मग बावर्चीनं चाखायचं न्हाई तर करायचं काय?" ते चिडून म्हणाले. त्यांची बायको, रजियाचाची, दारात उभी राहून हसत होती. ती म्हणाली, "सिस्टर, चाखत न्हाईत आता, नुसते हुंगून राहिलेत. वाफेवर नाक धरतात आन् सांगतात मीठ कमी हाय."

"मिठाला कुठं वास असतो?" मी म्हणाले.

"मिठाला न्हाई, सिस्टर. मीठ पडल्यावर मसाल्याचा वास बदलतो. तुमाला न्हाई कळायचं."

मला राग आला. मी म्हणाले, "मलाही कळतं. झाकण उघडलं न उघडलं की कुणाचं पोट साफ आहे, कुणी चोरून काय खाल्लंय, कुणाला आव आहे, सगळं सांगते मी." चाचा असे हसले, की टाके जुने झाले होते म्हणून बरं. "म्हंजे आपून दोघंबी नाकाचेच कारागीर," ते म्हणाले. पुढं फोनवर ते मला कधीकधी "उस्ताद" म्हणायचे.

आता गोळ्यांचं सांगते, म्हणजे मग काय घडलं ते नीट कळेल. अन्नातलं लोह जिथं शोषलं जातं, तोच आतड्याचा भाग या ऑपरेशनमध्ये वगळला जातो. म्हणून लोहाच्या गोळ्या जन्मभर घ्याव्या लागतात. त्या गोळ्यांनी शी काळपट होते. पेशंट घाबरून फोन करतात. सगळेच करतात. त्यामुळं माझं उत्तर पाठ झालं होतं, "गोळ्यांनी होतं, घाबरू नका." दुसरं असं, की दुखण्यावरच्या ज्या गोळ्या आपण कुठल्याही मेडिकलमधून आणून खातो, त्या यांना सक्त मना. जठर आणि आतड्याचा जो नवा जोड असतो, तिथं त्या जखम करतात. जखम वाहायला लागली की ते रक्त खाली उतरेपर्यंत काळं होतं आणि शी काळी होते.

म्हणजे काळी होण्याची कारणं दोन. एकाला घाबरायचं नाही आणि दुसऱ्यात माणूस मरतो.

ऑपरेशनला वर्ष होत आलं होतं. लग्नसराई होती. मी नांदेडच्या गाडीत, डबा मांडीवर, लोह्याच्या पुढं रस्त्याचं काम चाललेलं, गाडीत हा गोंधळ. चाचांचा फोन आला. "सिस्टर, काळी होऊन राहिली."

मी म्हणाले, "गोळ्यांनी होतं, चाचा. घाबरू नका."

"अच्छा," ते म्हणाले. जरा थांबले. त्यांना अजून काहीतरी बोलायचं होतं, हे मला तेव्हाही कळलं होतं. मी म्हणाले, "मी गाडीत आहे, पुढच्या आठवड्यात तिसऱ्या डबीला येतेच आहे." आणि ठेवला फोन.

पुढच्या आठवड्यात गेले. चाचा अंगणातल्या बाजेवर पडलेले. मला बघून उठायला गेले आणि पुन्हा टेकले. "सीझनचं काम झालं लई, थकलोय," म्हणाले. चेहरा पिवळट. मी मनात म्हटलं, वजन एवढं उतरलं की चेहरा ओढतोच. रजियाचाचीनं डबी आणून दिली, पिशवीत बांधलेली. मी नेहमीप्रमाणं झाकण घट्ट आहे का बघायला पिशवी सोडली. झाकण वाकडं बसलं होतं, नीट बसवायला ते उघडलं.

लोहाच्या गोळ्यांची शी काळपट असते, जराशी हिरवी झाक असते, आणि वास नेहमीचाच. ही डांबरासारखी होती, काळी कुळकुळीत, चकचकीत, आणि वास... तो वास ज्यानं एकदा घेतलाय तो विसरत नाही. जुन्या सरकारी वॉर्डात शिकाऊ असताना मी तो पहिल्यांदा घेतला होता.

मी चाचांच्या पापणीचा खालचा भाग ओढून बघितला. पांढरा फटक. नाडी पळत होती.

"चाचा, लोहाच्या गोळ्या घेताय ना?"

त्यांनी चाचीकडं बघितलं. चाचीच म्हणाली, "त्या तर दीड महिना झाला बंद केल्या. पोट गच्च होतं म्हनून."

"दीड महिना? मग फोनवर मला सांगितलं का नाही?"

चाचा हळूच म्हणाले, "तुमी रागावला असता."

रागावायला माझ्याकडं आवाजच उरला नव्हता. मी विचारलं, "गुडघ्यासाठी काही घेत होता का?" चाचीनं उशाखालून पाकीट काढून दिलं. दुखण्याच्या गोळ्या, दिवसाला दोन, कधी तीन. सीझनभर. देगीपाशी उभं राहता यावं म्हणून.

पुढचे पाच-सहा तास मला सलग आठवत नाहीत. उदगीरमधल्या एका दवाखान्यात सलाइन लावलं, एक पिशवी रक्त मिळालं ते चढवलं, अँब्युलन्स काढली. सरांना फोन केला, ते म्हणाले घेऊन या, मी तयारीत राहतो. मागच्या सीटवर मी चाचांचा हात धरून बसले होते. नळेगावच्या पुढं त्यांचं बीपी पडलं. त्यांचे डोळे मिटायला लागले की मी त्यांना काहीही विचारायची. दालच्याला भोपळा किती, चिंच कधी घालायची, मटण आधी का डाळ आधी. ते तुटक तुटक सांगत होते. एकदा मी मुद्दाम चूक बोलले, "चिंच पहिल्यांदाच घालायची ना?" तर डोळे उघडून म्हणाले, "नक्को! डाळ शिजायची न्हाई!" चाची रडता रडता हसली. मीही.

लातूरला दुर्बीण घातली. जोडाजवळ जखम होती, वाहत होती. सरांनी ती आतूनच बंद केली. आणखी रक्त चढवलं. दुसऱ्या दिवशी दुपारी चाचांनी पाणी मागितलं आणि मी जिन्यात जाऊन पोटभर रडून आले.

तिसऱ्या दिवशी सर राउंडला आले. मी शेजारी उभी, बीपीचा पट्टा हातात. सर म्हणाले, "चाचा, इतके दिवस काळी होत होती, कुणाला फोन का नाही केला?"

चाचांनी माझ्याकडं बघितलं. मग छताकडं बघितलं.

"न्हाई केला साहेब. शरम वाटली."

सर माझ्याकडं वळून म्हणाले, "बघा सिस्टर, लोक किती लाजतात."

मी म्हणाले, "हो सर."

इतक्या वर्षांच्या नोकरीत मी पुष्कळ चुका केल्या. चुकीच्या हाताला सलाइन लावलंय, एकाचा रिपोर्ट दुसऱ्याला दिलाय. पण त्या "हो सर"एवढी लाज मला दुसऱ्या कशाची वाटत नाही. मरता मरता वाचलेला माणूस माझी नोकरी सांभाळत होता, आणि मी त्याला सांभाळू देत होते.

त्यानंतर चार दिवस मी गप्प राहिले. चाचांच्या खोलीत जायची, बीपी घ्यायची, तो विषय ते काढत नसत, मीही नाही. पाचव्या दिवशी त्यांना घरी सोडायचं होतं. सकाळी मी सरांच्या केबिनमध्ये गेले आणि उभ्या उभ्या सांगून टाकलं, "सर, चाचांनी फोन केला होता. मला केला होता. मी सांगितलं घाबरू नका."

सरांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. मला वाटलं आता ओरडतील. ओरडले असते तर बरं झालं असतं. ते म्हणाले, "विचारलं का नाही काही?"

"उत्तर तयार होतं, सर."

त्यांनी चष्मा पुन्हा लावला आणि म्हणाले, "पेशंट घरी जाताना द्यायला एक कागद करा. तुम्हीच लिहा, तुमच्या भाषेत. माझं लिहिलेलं कुणी वाचत नाही."

चाचांना हे कळलं तेव्हा ते माझ्यावर भलतेच भडकले. व्हीलचेअरमध्ये बसून, दवाखान्याच्या दारात! "मी खोटं बोललो, अल्लाची माफी मागितली, सगळं निपटलं होतं. तुमी माझी गवाही खोटी पाडली!" चाची त्यांना गप्प बसवत होती. मी ऐकून घेतलं. लोकांना रागावताना आपण कसे दिसतो, ते मला त्या दिवशी समोरून बघायला मिळालं.

ती तिसरी डबी मी नांदेडला पाठवली होती. संशोधनवाल्यांनी ती बाद केली, रक्त असलेला नमुना त्यांना चालत नाही म्हणून. नियम आहे, बरोबरच आहे. तरी त्या दिवशी मी त्यांच्यावर उगीचच चिडले.

दोन महिन्यांनी मी चाचांना बघायला उदगीरला गेले. ते घरी नव्हते. एका लग्नाच्या मंडपामागं होते, म्हणून चाची मला तिकडंच घेऊन गेली. लांबूनच दिसले. देगीपाशी उभे होते! दुखण्याच्या गोळ्या बंद, लोहाच्या पुन्हा चालू, गुडघ्यांना पट्टे, शेजारी एक उंच स्टूल, थकले की टेकायला. कमी ऑर्डरी घेत होते, पण ज्या घेत त्या उभ्यानं. झाकण किंचित सरकवून कान देऊन ऐकत होते. मी तिथंच थांबले. त्यांचं ऐकून होईपर्यंत मध्ये बोलायची माझी हिंमत झाली नाही.

मग आम्ही बाजूला बसलो. मी पर्समधून कागद काढला. चार वेळा खोडून लिहिलेला. त्यांना म्हणाले, छापायच्या आधी तुम्हाला वाचून दाखवते. वाचलं. गोळ्या रोज घ्या. बंद केल्या तर लपवू नका, कुणी रागावणार नाही. दुखण्याची गोळी विचारल्याशिवाय घेऊ नका. शी काळी झाली, चक्कर आली, तर लगेच फोन करा.

"बराबर हाय," चाचा म्हणाले. "पन अर्धं हाय."

"काय राहिलं?"

"माझ्यावानी मानूस फोन करतो. तिकडून आवाज येतो, काय न्हाई, गोळ्यानं होतं. मानूस खुश. फोन ठेवतो आन् बाजेवर पडून राहतो. ह्याच्यात ते कुठं हाय?"

मी पेन काढून खाली लिहिलं, "फोनवर कुणी घाबरू नका म्हणालं, तरी दवाखान्यात या." वाचून दाखवलं.

"कुनी म्हंजे कोन?"

"कुणीही."

"कुनीही न्हाई, सिस्टर. कुनीहीचं कुनी ऐकत न्हाई. लोक तुमचं ऐकतात. तुमाला भितात, म्हनून ऐकतात." त्यांनी कागदावर बोट ठेवलं. "नाव टाका."

मी चाचीकडं बघितलं. तिला वाटलं मला वाईट वाटलं असेल, म्हणून ती त्यांना काहीतरी बोलणार होती. पण चाचा बोट काढेनात. मी नाव टाकलं.

तो कागद आता आमच्याकडं प्रत्येक पेशंटला देतात. घरी जायच्या दिवशी मीच समोर बसून वाचून दाखवते. शेवटची ओळ ठळक छापलीय, "शी काळी झाली आणि मंगल सिस्टर म्हणाल्या की काही नाही, तर त्यांचं ऐकू नका. दवाखान्यात या." तिथं आलं की सगळे हसतात. कुणीतरी विचारतंच, "ह्या मंगल सिस्टर कोण?"

मी म्हणते, "मीच."

मग हसणं थांबतं, आणि माणूस कागद माझ्या हातातून घेऊन ती ओळ पुन्हा एकदा स्वतः वाचतो.